संगणक बंद करण्याचा पाठ

संगणक सुरू कसा करावा, हे सातवीच्या वर्गातील बहुतेक मुले न चुकता सांगतात. तो बंद कसा करावा, असे विचारले असता मात्र निरनिराळी उत्तरे येतात. कोणी पडद्याखालचे बटण दाबतो, कोणी 'स्लीप' निवडतो, कोणी 'शट डाउन' करतो, तर कोणी घंटा झाली म्हणून भिंतीवरचा खटकाच खाली ओढतो. चारही कृतींनी पडदा काळा होतो, म्हणून चारही सारख्याच असे मुलांना वाटते. आणि पुष्कळदा शिक्षकांनाही तसेच वाटते. वस्तुतः प्रत्येक वेळी यंत्राच्या आत घडते ते वेगळे असते. हा भेद ठाऊक नसल्याने काय ओढवते, हे पुढील प्रसंगावरून ध्यानी येईल. प्रसंग कल्पित आहे. परंतु तो आपल्या शाळेत घडला नाही असे छातीठोकपणे सांगू शकणारे शिक्षक थोडे निघतील.

कोयना धरणाच्या जलाशयाखाली ज्यांची गावे गेली, त्यांपैकी काही कुटुंबे सातारा व सांगली या जिल्ह्यांत नव्या वसाहती करून राहिली. अशाच एका वसाहतीतील शाळा डोळ्यांपुढे आणावी. शाळेच्या वार्षिक अंकासाठी सातवीतील एका मुलीने 'आजोबांचे जुने गाव' हा विषय निवडला. आजोबांनी गाव सोडले ते आठ-नऊ वर्षांचे असताना. वाडीत घरे किती होती, देऊळ कोठे होते, नदी कोठे उतारा देई, जाताना कोणी काय बरोबर घेतले, हे सारे तिने दोन संध्याकाळी विचारून घेतले. शाळेत संगणकापुढे बसून दोन तासांच्या मेहनतीने तिने ते मराठीत टंकित केले. मधल्या सुट्टीची घंटा झाली तेव्हा ती म्हणाली, "गुरुजी, बंद करू का?" गुरुजी वर्गाबाहेर पडता पडता म्हणाले, "बंद नको करूस, लिहिलेलं जाईल. नुसता झोपवून ठेव." तिने सांगितल्याप्रमाणे 'स्लीप' निवडले. सुट्टीत वीज गेली. यूपीएस जागेवर होता. पण त्याची बॅटरी केव्हाच निकामी झालेली, त्यामुळे तो केवळ तारा जोडण्याची पेटी होऊन राहिला होता. तासाभराने वीज आली, संगणक सुरू केला, आणि पडद्यावर आजोबांच्या गावाची एक ओळही उरलेली नव्हती. मुलगी रडली नाही. तिने एवढेच विचारले, "गुरुजी, मी तर त्याला नीट झोपवलं होतं. मग सगळं पुसलं कसं?"

या प्रश्नाचे उत्तर देता येणे, हेच प्रस्तुत पाठाचे प्रयोजन होय.

पाटी आणि वही

संगणकात माहिती दोन ठिकाणी राहते. पहिली जागा म्हणजे तात्पुरती स्मृती. तिला रॅम म्हणतात. दुसरी जागा म्हणजे कायमचा साठा. ती हार्ड डिस्क अथवा अलीकडच्या यंत्रांतील एसएसडी होय. या दोहोंतील फरक खेड्यातील मुलांना समजावून देण्यास शाळेतील दोन वस्तू पुरेशा आहेत: पाटी आणि वही.

चालू काम संगणक नेहमी पाटीवर करतो. पाटीवर लिहिणे जलद होते, खोडणे सोपे असते. मात्र ही पाटी विलक्षण आहे. तिला वीज मिळत असेतोवरच तिच्यावरील अक्षरे टिकतात. वीज तुटताच ती कोरी होते. वहीतील अक्षरांना विजेची गरज नसते. वीज जावो, यंत्र महिनाभर बंद राहो, वहीत उतरलेले तसेच राहते. आपण 'सेव्ह' ही आज्ञा देतो, तेव्हा पाटीवरचा मजकूर वहीत उतरवला जातो. जोवर ती आज्ञा दिलेली नाही, तोवर दोन तासांची मेहनत पाटीवरच असते.

येथे एक सूचना आवश्यक आहे. काही लेखनप्रणाली दर काही मिनिटांनी आपण होऊन मजकुराची प्रत राखतात आणि अपघातानंतर ती पुढे करतात. ही सोय उपकारक आहे. परंतु ती प्रत्येक प्रणालीत नसते, आणि असली तरी शेवटच्या काही मिनिटांचे काम तिच्यातून निसटू शकते. तिच्यावर भिस्त ठेवून मुलांना 'सेव्ह' करण्याची सवय न लावणे, हे शेजाऱ्याच्या विहिरीवर विसंबून आपली घागर रिकामी ठेवण्यासारखे आहे.

यंत्र थांबवण्याच्या तीन रीती

पाटी व वही यांचा भेद एकदा स्पष्ट झाला, की संगणक थांबवण्याच्या तीन रीती सहज उलगडतात.

पहिली रीत 'स्लीप', म्हणजे झोप. या अवस्थेत पडदा, डिस्क, पंखे व यंत्राचा मुख्य भाग थांबतात. केवळ पाटीला थोडी वीज मिळत राहते. रात्री चुलीतील निखारे राखेखाली झाकून ठेवावेत आणि सकाळी फुंकर घालताच विस्तव पेटावा, तसे हे आहे. कळ दाबताच काम जेथे थांबले होते तेथून काही क्षणांत पुढे सुरू होते. पण राखेवर पाणी पडले तर निखारे विझणारच. झोपेत असताना वीज गेली, तर पाटी कोरी होते. त्या मुलीच्या लेखाचे नेमके हेच झाले. मुलीने कृती बिनचूक केली होती. तिला दिलेली सूचना अपुरी होती.

दुसरी रीत 'हायबरनेट', म्हणजे दीर्घनिद्रा. या रीतीत संगणक थांबण्यापूर्वी संपूर्ण पाटी अक्षरशः जशीच्या तशी वहीच्या एका राखीव पानावर उतरवून घेतो आणि मग पूर्णपणे विझतो. पुन्हा सुरू केल्यावर तो ते पान पाहून पाटी पूर्वीप्रमाणे लिहून काढतो. यास झोपेपेक्षा थोडा अधिक वेळ लागतो. पण मध्यंतरी वीज गेली तरी काही बिघडत नाही. लॅपटॉपच्या बॅटरीतील साठा अगदी थोडा उरला, म्हणजे बहुतेक लॅपटॉप आपण होऊन हीच रीत पत्करतात. मेजावरच्या काही संगणकांत झोप व दीर्घनिद्रा यांचा मेळ घातलेली 'हायब्रिड स्लीप' ही सोयही असते. तीत पाटी जागी राहते आणि तिची नक्कलही वहीत केलेली असते. आपल्या यंत्रात ही सोय चालू आहे की नाही, याची खात्री असल्यावाचून तिच्यावर विसंबू नये.

तिसरी रीत 'शट डाउन', म्हणजे पूर्ण बंद करणे. या वेळी सर्व उघडी कामे मिटवली जातात, न जपलेल्या कामाविषयी यंत्र विचारणा करते, पाटी पुसली जाते आणि वीज थांबते. शाळा सुटताना हीच रीत योग्य होय.

येथे एक बारकावा आहे आणि तो अनुभवी शिक्षकांच्याही नजरेतून सुटतो. २०१२ साली आलेल्या आठव्या विंडोजपासून पुढे 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय पुष्कळ संगणकांत आधीच चालू केलेली असते. ती चालू असता 'शट डाउन' केल्यावर वापरणाऱ्याची कामे मिटतात खरी, पण यंत्रणेचा गाभा दीर्घनिद्रेप्रमाणे वहीत उतरवून ठेवला जातो, जेणेकरून दुसऱ्या दिवशी यंत्र लवकर उठावे. त्यामुळे एखादा बिघाड, उदाहरणार्थ मुद्रक न ओळखला जाणे, रोज यंत्र बंद करूनही रोज सकाळी तसाच भेटतो. अशा वेळी 'रीस्टार्ट' करावे. 'रीस्टार्ट'मध्ये गाभाही नव्याने उभा राहतो. शिफ्ट ही कळ दाबून धरून 'शट डाउन' निवडल्यानेही यंत्र संपूर्ण बंद होते. "बंद करून चालू केला, तरी तेच" अशी तक्रार आली, तर तंत्रज्ञाला तालुक्याहून बोलावण्यापूर्वी एवढे करून पाहावे.

खटका ओढल्याने काय होते

भिंतीवरचा खटका ओढून चालू संगणक बंद करणे ही चौथी रीत नव्हे. तो अपघात होय. वहीत लिहिणे चालू असतानाच हातातून लेखणी हिसकावून घेतली, तर अर्धे वाक्य राहते, कधी पान फाटते. चालू संगणकाची वीज अकस्मात तोडली असता न जपलेले काम तर जातेच. शिवाय लिहिली जात असलेली फाईल बिघडू शकते, आणि क्वचित यंत्रणेचीच एखादी फाईल बिघडून संगणक सुरू होईनासा होतो. यंत्र अद्ययावत होत असताना पडद्यावर 'बंद करू नये' अशा अर्थाची सूचना दिसते. त्या वेळी शाळा सुटली असली तरी थांबावे. ते काम पुरे होण्यास कधी पाच मिनिटे, तर कधी अर्धा तास लागतो. म्हणून अशी कामे शेवटच्या तासाला सुरू करू नयेत.

यंत्र पूर्णपणे अडकून बसले, कळफलक व माऊस दोन्ही प्रतिसाद देईनासे झाले, तरच पेटीवरील बटण काही सेकंद दाबून धरून ते सक्तीने बंद करावे. हा उपाय शेवटचा आहे, हे मुलांना स्पष्ट सांगावे.

शेतकऱ्यांच्या मुलांना एक साम्य चटकन पटते. विहिरीवरील मोटारीच्या पेटीत ऑटोस्विच बसवलेला असतो. वीज आली की मोटार आपण होऊन चालू होते. काही संगणकांतही अशी योजना असते, आणि वीज येताच रिकाम्या, कुलूपबंद शाळेत संगणक सुरू होतो. असे घडत असल्यास जाणत्या माणसाकडून ती योजना बंद करून घ्यावी. आणि काही झाले तरी शाळा सुटताना पूर्ण बंद झालेल्या यंत्राचा भिंतीवरील खटका खाली असावा. क्रम मात्र विसरू नये: आधी 'शट डाउन', मग पेटीवरील दिवा विझण्याची वाट, आणि शेवटी खटका.

शाळेसाठी योग्य मांडणी

यंत्राने किती वेळाने पडदा विझवावा आणि किती वेळाने झोपी जावे, हे ठरवता येते. विंडोजमध्ये 'सेटिंग्ज' उघडून 'सिस्टीम' व त्यातील 'पॉवर' या विभागात ही वेळ लावण्याची सोय आहे. आवृत्तीनुसार शब्द थोडे बदलतात, पण जागा हीच. पेटीवरील बटण दाबल्यावर काय व्हावे, लॅपटॉपचे झाकण मिटल्यावर काय व्हावे, आणि दीर्घनिद्रेचा पर्याय यादीत दिसावा की नाही, हे 'कंट्रोल पॅनेल'मधील 'पॉवर ऑप्शन्स' या भागात ठरते.

ग्रामीण शाळेसाठी पुढील मांडणी सोयीची ठरेल. पाच मिनिटे कोणी हात लावला नाही, तर पडदा विझावा. मेजावरच्या संगणकाने आपण होऊन झोपी जाण्याची वेळ वीस ते तीस मिनिटांची ठेवावी, आणि मुलांना बजावावे की जागेवरून उठण्यापूर्वी 'सेव्ह' झालेच पाहिजे; कारण यंत्र झोपेल तेव्हा वीज असेलच असे नाही. जेथे दिवसातून अनेकदा वीज जाते, तेथे झोपेऐवजी दीर्घनिद्रा निवडावी. पडद्यावर फिरणाऱ्या चित्रांचा, म्हणजे स्क्रीनसेव्हरचा, वीज वाचवण्यास काही उपयोग नाही. पडदा उजळलेलाच राहतो आणि यंत्रही जागे राहते.

ज्या शाळेत दिव्याचा प्रोजेक्टर आहे, तेथे तो त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करावा आणि पंखा थांबेपर्यंत त्याची वीज तोडू नये. तापलेला दिवा थंड होण्यापूर्वी पंखा बंद पडल्यास दिव्याचे आयुष्य घटते.

यूपीएस म्हणजे काम चालू ठेवण्याचे साधन नव्हे. काम आवरण्यासाठी मिळालेली मुदत होय. त्याचा आवाज येऊ लागताच पहिली कृती 'सेव्ह', दुसरी 'शट डाउन'. त्याला लेझर मुद्रक जोडू नये; तो एकदम फार वीज ओढतो. यूपीएसची बॅटरी काही वर्षांत थकते, म्हणून प्रत्येक सत्राच्या आरंभी तिची परीक्षा घ्यावी. सर्व कामे जपून व मिटवून घ्यावीत, संगणक बंद करावा, यूपीएसला एखादा साधा दिवा जोडावा आणि भिंतीवरील खटका खाली करावा. दिवा लगेच विझला, तर बॅटरी गेली असे समजून तशी मागणी शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावी.

वळवाच्या पावसाचे दिवस विशेष जपण्याचे असतात. विजा चमकू लागल्या, की यंत्र झोपवून भागत नाही आणि खटका खाली करणेही पुरेसे नाही. यंत्र रीतसर बंद करून वायरीचा प्लग भिंतीतून काढावा. इंटरनेटची तार बाहेरून आलेली असल्यास तीही काढावी. मात्र विजा डोक्यावर कडाडू लागल्यावर प्लगला हात लावण्यास जाऊ नये, आणि मुलांना तर मुळीच पाठवू नये. आभाळ भरून येतानाच हे आवरावे. कृष्णा-वारणाकाठच्या शाळांनी २०१९ व २०२१ चे महापूर पाहिले आहेत. तेथील शाळांनी पावसाळ्यात संगणक जमिनीलगत ठेवू नये, आणि महत्त्वाच्या कामाची एक प्रत शाळेच्या इमारतीबाहेर, दुसऱ्या ठिकाणी राखावी.

दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुट्टीत सर्व प्लग काढून ठेवावेत. परंतु यूपीएसची बॅटरी नुसती पडून राहिल्यानेही उतरते, म्हणून महिन्यातून एकदा ती काही तास भारित करावी. सुट्टीनंतर जुन्या संगणकातील तारीख मागे गेलेली आढळली, तर आतील नाण्याएवढी बॅटरी संपली असे समजावे. तारीख चुकीची असता पुष्कळ संकेतस्थळे उघडत नाहीत, आणि दोष उगाच इंटरनेटवर जातो.

पाठाचे टिपण

इयत्ता सातवी. वेळ एक तासिका. साहित्य: पाटी, लेखणी, वही, ओले फडके, वर्गातील विजेचा दिवा, संगणक.

उद्दिष्टे: तात्पुरती स्मृती व कायमचा साठा यांतील फरक विद्यार्थ्यांना सांगता यावा. झोप, दीर्घनिद्रा व पूर्ण बंद यांतून प्रसंगानुरूप योग्य रीत निवडता यावी. काम जपून ठेवण्याची सवय लागावी.

प्रस्तावना: शिक्षकाने विचारावे, "मुलांनो, घरी रात्री चूल विझवतात की झाकतात?" चूल असलेल्या घरांतील मुले उत्तर देतील. "झाकतात ती कशासाठी?" "सकाळी लवकर पेटावी म्हणून." "आणि परगावी जायचे असेल तर?" "पाणी मारून विझवतात." ज्या घरी आता केवळ गॅस आहे, तेथील मुलांना इतरांनी समजावून सांगावे.

हेतुकथन: "संगणकालाही झाकून ठेवता येते आणि विझवताही येते. केव्हा काय करावे, ते आज पाहू."

विषयविवेचन: एक विद्यार्थी पाटी धरून उभा राहील. दुसरा ओले फडके घेऊन दिव्याच्या बटणापाशी उभा राहील. नियम असा, की दिवा विझताच पाटी पुसली जाईल.

पहिला खेळ झोपेचा. पाटीवर एका मुलाने चार ओळी लिहाव्यात. 'झोप' म्हणताच सर्वांनी डोळे मिटावेत. दिवा चालू राहील. 'ऊठ' म्हणताच ओळी जशाच्या तशा दिसतील. पुन्हा 'झोप' म्हणून या वेळी दिवा विझवावा. डोळे उघडल्यावर पाटी कोरी दिसेल. येथे थोडे थांबावे. मुलांच्या चेहऱ्यावर जे दिसेल, तेच पुढील पाठाचे बीज आहे.

दुसरा खेळ दीर्घनिद्रेचा. 'निद्रा' म्हणताच तिसऱ्या मुलाने पाटीवरचे वहीत उतरवावे, मगच दिवा विझवावा. पाटी पुसली जाईल. दिवा लागताच वहीतून पाटीवर पुन्हा लिहावे. वेळ अधिक लागला, पण काय वाचले, हे मुलांकडूनच काढून घ्यावे.

तिसरा खेळ पूर्ण बंद करण्याचा. लिहिणाऱ्यानेच वहीत मजकूर उतरवावा, पाटी पुसावी आणि शेवटी दिवा विझवावा.

यानंतर संगणकावर तिन्ही पर्याय कोठे आहेत, ते प्रत्येक गटाने दाखवावे. कंट्रोल व एस या कळा एकत्र दाबून 'सेव्ह' करण्याचा सराव प्रत्येक मुलाने निदान तीनदा करावा. कारण पाहून आलेले ज्ञान आणि बोटांत उतरलेले ज्ञान यांत अंतर असते. शाळेच्या संगणकाची वीज प्रत्यक्ष तोडून परिणाम दाखवण्याचा मोह मात्र आवरावा. त्यासाठी पाटी पुरेशी आहे.

सामान्यीकरण: "थोडा वेळ, आणि काम जपलेले: झोप. वीज बेभरवशाची: दीर्घनिद्रा. शाळा सुटली: पूर्ण बंद. आणि तिन्हींच्या आधी सेव्ह." हे फलकावर लिहून घ्यावे.

उपयोजन: पुढील प्रश्न तोंडी विचारावेत. प्रार्थनेसाठी दहा मिनिटे बाहेर जायचे आहे, तर काय कराल? मधल्या सुट्टीत वीज जाण्याचा संभव आहे, तर काय कराल? यूपीएस वाजू लागला आणि लेख अर्धा आहे, तर आधी काय कराल? मुद्रक रोज सकाळी सापडत नाही, तर काय करून पाहाल?

विजेचा हिशेब

हाच विषय गणिताच्या तासाला जोडता येतो. एक हजार वॉटचे उपकरण एक तास चालले, की एक युनिट वीज खर्च होते. मेजावरचा संगणक व पडदा मिळून ६० वॉट घेतात असे धरू. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी वर्षाचे किमान २२० कामाचे दिवस ठरवले आहेत. रोज पाच तास संगणक कोणी वापरत नसता नुसता जागा राहिला, तर वर्षाचे ११०० तास झाले आणि ६६ युनिट वीज वाया गेली. त्याच वेळात तो झोपेत राहिला आणि ३ वॉट घेतले असे धरले, तर खर्च ३.३ युनिट. दहा संगणकांच्या खोलीत हे अंतर ६२७ युनिटांचे होते. आपल्या वीजबिलावरील दर घेऊन त्याचे रुपये किती, हे मुलांनी काढावे. ज्या शाळेला वीजबिलाची तोंडमिळवणी करताना ओढाताण सोसावी लागते, तेथे हा हिशेब पुस्तकी राहत नाही.

वीज कोठून येते, हेही या जिल्ह्यांतील मुलांना सांगण्यासारखे आहे. ज्या १९६२ साली महाराष्ट्रात जिल्हा परिषदा स्थापन झाल्या, त्याच साली कोयनेची वीज वाहू लागली. पुढे टप्प्याटप्प्याने वाढून त्या प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॉटपर्यंत पोचली. त्या जलाशयासाठी अनेक गावांनी आपली घरे, शेते व देवळे सोडली. भिंतीवरील खटक्यामागे एवढा मोठा व्यवहार आहे. तो कळल्यावर मूल दिवा विझवते ते धाकाने नव्हे, समजून विझवते.

बंद करण्याची शिस्त

यंत्र वेळेवर बंद करणे ही केवळ तांत्रिक बाब नाही, हे सांगली जिल्ह्यातील एका गावाने दाखवून दिले आहे. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ साली गावाने ठराव करून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवण्यास आरंभ केला. भोंगा होताच घरोघरचे दूरचित्रवाणी संच व मोबाईल दीड तासासाठी बंद ठेवायचे आणि मुलांनी अभ्यासाला बसायचे, अशी ही प्रथा. कोणते यंत्र केव्हा थांबवावे हे यंत्राने ठरवायचे नसून माणसाने ठरवायचे असते, ही गोष्ट त्या गावाने पुस्तकाशिवाय शिकवली. शाळेलाही आपला असा एक भोंगा हवा. शेवटच्या घंटेपूर्वी पाच मिनिटे 'आवरण्याची वेळ' ठेवावी. आठवड्याला एक गट नेमावा. त्या गटाने प्रत्येक यंत्रावरील काम जपले गेले का, यंत्र रीतसर बंद झाले का, दिवा विझल्यावर खटका खाली झाला का, हे पाहून वहीत खूण करावी. महिन्याभरात ही देखरेख शिक्षकाच्या हातून मुलांच्या हाती जाते.

आता त्या मुलीकडे वळू. तिच्या प्रश्नाला गुरुजींनी उडवाउडवीचे उत्तर दिले नाही. "चूक तुझी नव्हती, मी तुला अर्धेच सांगितले होते," असे त्यांनी वर्गासमोर कबूल केले आणि दुसऱ्या दिवशी पाटी व वही घेऊन वरील पाठ घेतला. मुलगी संध्याकाळी पुन्हा आजोबांजवळ बसली. आजोबांनी पुन्हा सारे सांगितले. या वेळी प्रत्येक परिच्छेद संपताच तिची दोन बोटे न सांगता त्या दोन कळांवर जात होती. लेख अंकात छापला गेला.

हे भागले, कारण पुन्हा सांगायला आजोबा होते. दर वेळी ते असतीलच असे नाही. जुन्या गावांच्या आठवणी, मुलांचे पहिले लेखन, वर्षभराच्या नोंदी, असे पुष्कळ काही आज शाळांतील संगणकांच्या पाटीवर लिहिले जात आहे. वीज केव्हा जाईल, हे शाळेच्या हाती नाही. पाटीवरचे वहीत केव्हा उतरवावे, हे मात्र पूर्णपणे शाळेच्या हाती आहे. या सत्राच्या पहिल्याच आठवड्यात हा पाठ प्रत्येक शाळेत व्हावा.